गटारीच्या रविवारी १८० कोंबड्या, पुढच्या चार रविवारी मिळून २१०: माझ्या लॉटचा हिशेब

शेडवाला_दिंडोरी

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. कालच शेड धुऊन चुना मारला आणि रात्री वही घेऊन बसलो. हा माझा पाचवा लॉट, पण व्यापाऱ्याला न देता नाशकात थेट गिऱ्हाइकाला विकलेला पहिलाच. गावात चर्चा अशी की पोरगं ४०० ला एक कोंबडी विकतंय, आता बंगला बांधतंय. वहीचं म्हणणं वेगळं आहे.

पिल्लं ५००, गावरान क्रॉस, शेडवर पोच ३२ रुपये. १६,०००.
खाद्य ९० दिवसांचं १,९५० किलो. निम्मं विकतचं, निम्मं घरी मका भरडून, सरासरी ३६ रुपये. ७०,२००.
लस, औषध, ब्रूडिंगचा (पिल्लांना ऊब द्यायचा) गॅस ६,०००. भाताचं तूस ३,०००. लाईट २,५००.
एकूण ९७,७००.

मर ३८. त्यातली ११ एका रात्रीत मुंगसाने घेतली. जाळीला बोटभर फट होती, चूक माझीच. उरले ४६२ पक्षी, सरासरी १ किलो ४००. म्हणजे एक पक्षी मला साधारण २११ रुपयांना पडला.

गटारीच्या आदल्या शनिवारी व्यापारी शेडवर आला होता. जागेवर १७० रुपये किलो, सगळा माल, रोख. तसा दिला असता तर १,०९,९५६ आले असते, म्हणजे १२ हजार सुटले असते. तीन महिन्यांचे १२ हजार! म्हटलं नको, आपण विकू.

गंगापूर रोडला मित्राच्या बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी पहाटे साडेपाचला पिकअप लावली. ४०० रुपये नग, भाजून, हळद लावून, पीस करून. गटारीच्या रविवारी दुपारी एकपर्यंत १८० गेल्या. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. पुढच्या रविवारी ७०, मग ६०, मग ५०, मग ३०. उरलेल्या ५२ त्याच व्यापाऱ्याला २४० रुपये नगाने दिल्या. फोन केला तर म्हणतो, "काय दादा, दमले का?" या सगळ्यात ९ मेल्या, ११ पाहुण्यांनी आणि आम्ही खाल्ल्या.

आले किती: ३१० नग ४०० ने, ८० नग ३५० ने, ५२ नग २४० ने. १,६४,४८०. त्यातली उधारी अजून ५,२०० बाकी.
विकायचा खर्च: पिकअप ५ फेऱ्या ६,०००. मधल्या दिवसांत स्कुटीवर घरपोच ९००. कापणाऱ्या पोराला नगामागे २५ प्रमाणे ९,७५०. बर्फ, पिशव्या १,५००. बसायची पावती वगैरे ५००.
आणि थांबलेल्या पक्ष्यांनी चार आठवड्यांत ५०० किलो खाद्य जादा खाल्लं. १८,०००.

शेवटी ३०,१३०. उधारी बुडाली तर पंचवीसच्या आत. त्यासाठी मी आणि बायको पाच रविवार उभे, शिवाय स्कुटीच्या फेऱ्या आणि दिवसभर फोन. व्यापाऱ्यापेक्षा १८ हजार जास्त मिळाले हे खरं. पण मजुरी धरली तर काय राहिलं? माझं कुठे चुकलं ते सांगा.

---

सिन्नर_पाचहजारी

भाऊ, वही एवढी चोख ठेवणारा माणूस या धंद्यात कमी. पण तू सगळा लॉट एकत्र मोजलास, तिथे फसलास. गटारीचा रविवार वेगळा काढ.

१८० नग गुणिले ४०० = ७२,०००. त्यांचा उत्पादनखर्च ३८ हजार. कापणावळ ४,५००. एक फेरी १,२००. किरकोळ ५०० धर. त्या एका सकाळी तुला २७,७०० सुटले. तुझा पूर्ण लॉटचा नफा ३०,१३०. म्हणजे पुढचे चार आठवडे, २८२ पक्षी आणि तुझ्या बायकोचे चार रविवार मिळून अडीच हजार रुपये.

आता दुसरी बाजू बघ. शनिवारी व्यापारी दारात होता ना? त्याला म्हणायचं, १८० माझे, बाकीचे २८२ तू घे. १७० ने त्याचे ६७ हजार झाले असते, त्यातून खर्च जाऊन साडेसात हजार सुटले असते. म्हणजे एकूण ३५ हजार, आणि शेड महिनाभर आधी रिकामं. ९० दिवस वाढवायचे, १५ दिवस शेड मोकळं ठेवायचं, असे १०५ दिवसांत एक लॉट बसतो. तू १३३ दिवस लावलेस. वर्षाला साडेतीनच्या जागी पावणेतीन लॉट.

मी स्वतः २०२० पर्यंत खुल्या बाजाराला ब्रॉयलर द्यायचो. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी अफवा मोबाईलवर फिरली आणि भाव असा पडला की खाद्याची गोणी पक्ष्यांपुढे टाकायची की नाही हा प्रश्न. ४२ दिवसांचा ब्रॉयलर थांबवता येत नाही. रोज दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम खातो, अडीच किलोच्या वर गेला की दुकानदार नाक मुरडतो. शेवटी गावात फुकट वाटले. तेव्हापासून कंपनीच्या करारावर आहे. पिल्लं, खाद्य, औषध त्यांचं. शेड, तूस, लाईट, मजूर माझं. किलोमागे सात-आठ रुपये. श्रीमंत होत नाही, पण भाव पडला तर झोप त्यांची उडते. एकच दुखणं, दोन लॉटमध्ये शेड किती दिवस रिकामं ठेवायचं हे तेच ठरवतात.

---

शेडवाला_दिंडोरी

@सिन्नर_पाचहजारी दादा, दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी दुसऱ्याच रविवारी म्हटलं होतं. खरं आहे, म्हटली होती.

शनिवारी मला वाटलं होतं की १८० एका दिवसात जाऊ शकतात तर बाकीच्या दोन रविवारांत संपतील. श्रावण माहीत नव्हता असं नाही, आमच्या घरातही पाळतात. पण गिऱ्हाईक रांगेत उभं असलं की डोक्यात हवा जाते.

---

सिडको_चिकन

मी दुकानदार. या धाग्यावर शिव्या खायला आलोय असं समजा, कारण दर दोन महिन्यांनी इथे कोणीतरी लिहितं की शेतकऱ्याला ११० आणि दुकानात २२०, मधले दुकानदार खातो.

१०० किलो जिवंत ब्रॉयलर, दुकानात पोच ११० ने, ११,००० रुपये. सोलून, साफ करून माझ्या हातात ६५ किलो येतं. पिसं, कातडी, आतडी, डोकं, पाय सगळं बादलीत. ६५ किलो २२० ने १४,३००. कलेजी-पेटा ४ किलो, दीडशेने ६००. झाले १४,९००. मधले ३,९००. दोन पोरं १,२००. भाडं दिवसाला ६००. लाईट, बर्फ, पाणी ३००. घाण उचलणारी गाडी १५०. रात्रभर पिंजऱ्यात उभ्या पक्ष्याचं वजन घटतं, एखादा मरतो, ते ३३०. राहिले तेराशे. आणि हे १०० किलो विकले गेले तर. बुधवार, शुक्रवार, रविवारी जातात. गुरुवारी ३५ किलो. एकादशीला शटर अर्धं. आमच्याकडे अंबड आणि सातपूरचे कामगार जास्त, त्यामुळे ७ तारखेनंतरचा रविवार आणि २५ तारखेनंतरचा रविवार यात जमीन-अस्मानाचा फरक.

धागाकर्त्याला एकच सांगतो. नगावर विकलंस आणि पक्षी थांबवलास. चार आठवड्यांत कोंबडे पावणेदोन किलोवर गेले असतील. जादा साडेतीनशे ग्रॅम गिऱ्हाइकाला फुकट गेले, खाद्य मात्र तुझं गेलं. नगावर विकायचं असेल तर पक्षी ९० व्या दिवशी हलला पाहिजे. थांबायचं असेल तर काटा ठेव.

---

इंदिरानगर_स्वयंपाकघर

मी गिऱ्हाईक. बहुतेक दिंडोरीच्या याच दादांकडून तिसऱ्या रविवारी घेतली आहे, ते वर्णनावरून कळलं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडं.

आमच्या सासूबाई कोंबडी घेताना आधी पाय बघतात. मग पंखाखाली फुंकर मारून कातडीचा रंग बघतात, अंगठ्याने छातीचं हाड चाचपतात. त्यांनी तिथेच सांगितलं, "ही गावरान नाही." दादांनी लगेच कबूल केलं, आजी, क्रॉस आहे, तीन महिन्यांची, मोकळी फिरलेली आहे, अस्सल म्हणून विकत नाही. सासूबाईंनी दोन घेतल्या. माणूस खोटं बोलला नाही म्हणून, असं घरी येऊन म्हणाल्या. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला ब्रॉयलर चालत नाही, विरघळतो. ही दीड तास शिजली, रश्श्यावर तर्री आली, आम्ही खूश.

पण त्याच रस्त्यावर पाचशे पावलांवर एक जण "अस्सल गावरान" अशी पाटी लावून ५५० ला विकत होता. त्याच्या आणि दादांच्या कोंबडीत मला काडीचा फरक दिसला नाही. गिऱ्हाईक शब्दाला पैसे देतं, हे मला तरी कबूल करावं लागेल. दादा, तुम्ही दीडशे रुपये खरं बोलण्यात घालवता.

---

सिडको_चिकन

ताई, घालवत नाहीत. ५५० वाला पुढच्या वर्षी त्या रस्त्यावर नसेल, बघा.

---

पेठ_डालगं

माझा मुलगा टाईप करतोय, मी सांगते. आमच्याकडे १२ कोंबड्या, २ कोंबडे, सगळ्या देशी. खाद्य विकत नाही. भात झोडल्यावरचं सांडलेलं, नागलीचा कोंडा आणि जे उकरून खातील ते. संध्याकाळी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली. खुडूक बसली की २१ दिवसांनी पिल्लं, १२ अंड्यांतून ९ निघाली तर ६ मोठी होतात, बाकी घार आणि मांजर. वर्षाला एक कोंबडी साठ-सत्तर अंडी देते.

तुम्ही सगळे खाद्याचा हिशेब करता. आमचा खर्च नाही म्हणून आम्हाला वाटायचं सगळा नफाच. पण मोटारसायकलवाला येतो, दोन डालगी मागे बांधलेली, आणि हाताने उचलून "ही तीनशे" म्हणतो. काटा नाही. पैशाची गरज असेल त्याच दिवशी आपण विकतो, हे त्याला माहीत असतं. शाळा सुरू होताना आणि बी-बियाणाच्या वेळी तो बरोबर येतो. गेल्या वर्षी गटातल्या आम्ही सात जणींनी ठरवलं, गटारीच्या आठवड्याशिवाय कोंबडा विकायचा नाही आणि सगळ्यांचा एकदम विकायचा. ३८ कोंबडे झाले. एक जण नाशिकवरून गाडी घेऊन आला, ४५० नगाने. त्या मोटारसायकलवाल्याने नंतर दोन महिने तोंड दाखवलं नाही.

अंडी मात्र गावातच जातात, १२ रुपयाला एक. बाळंतिणीच्या घरी मागतात.

---

सिन्नर_पाचहजारी

@पेठ_डालगं ताई, तुम्ही जे केलं ते आम्ही पाच हजार पक्षी असून करू शकत नाही. तुमची कोंबडी थांबू शकते, आमची थांबली की खाते. बाकी अंड्याचंही तसंच. लेअरवाल्यांचं, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांचं अंडं एनईसीसी या अंडी उत्पादकांच्या संस्थेच्या रोजच्या भावाला बांधलेलं, तुमचं १२ रुपयांना बारा महिने.

---

झटपट_नफा

काळ्या मांसाचा कडकनाथ करा सगळे. ८०० रुपये किलो.

---

सिडको_चिकन

@झटपट_नफा अंडी-पिल्लं परत विकत घेतो म्हणणारे २०१९ मध्ये किती जणांना बुडवून गेले ते विसरलात का? कडकनाथ चांगला पक्षी आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआला त्याचं भौगोलिक मानांकनही २०१८ मध्ये मिळालं. पण माझ्या दुकानात वर्षभरात चार जणांनी विचारलाय, त्यातल्या दोघांना फक्त बघायचा होता.

---

मोहाडी_द्राक्ष

मूळ विषय सोडून विचारतो. खत कुठे आहे हिशेबात? ५०० पक्षी, ४ महिने, दीड टन तरी निघालं असेल. आमच्या भागात छाटणीच्या आधी कोंबडी खताला लोक नंबर लावतात.

---

शेडवाला_दिंडोरी

@मोहाडी_द्राक्ष चुलतभावाच्या बागेत गेलं. ४८ गोण्या. फुकट. म्हणाला, शेडची सफाई मीच करतो, तुझं काम वाचलं.

---

मोहाडी_द्राक्ष

९० रुपये गोणीने मी नेलं असतं. ४,३२०. चार रविवार उभं राहून तुला त्याच्या निम्मे मिळाले. भावाला सांग, निदान कुजवून टाक, ओलं टाकलं तर मुळं जाळेल.

---

पशुवैद्य_निफाड

उशिरा आलो. वरचा हिशेब बरोबर आहे, पण आता कोणीतरी सांगेल की मग ५०० एकदम न आणता दर तीन आठवड्यांनी शंभर-शंभर आणा, म्हणजे दर रविवारी ताजे विकायला मिळतील. कागदावर छान दिसतं. एकाच शेडमध्ये पाच वयांचे पक्षी ठेवलेत तर मोठ्यांचा रोग लहानांना मिळत राहतो आणि शेड कधीच रिकामं होत नाही. मानमोडी (राणीखेत रोग) एकदा शिरली की ती पुढच्या प्रत्येक शंभरांत फिरते. एक शेड, एक वय. फार तर दोन शेड, मध्ये अंतर, वेगळी पादत्राणं, आधी लहानांकडे जायचं मग मोठ्यांकडे.

दुसरं, तुम्ही गावरान क्रॉस तीन-चार महिने ठेवता तर ब्रॉयलरसारखं लासोटा-गंबोरोच्या लसींवर थांबू नका. आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी लस द्या. ते ९ मेलेले पक्षी उन्हाने की मानमोडीने, पाहिलं का कोणी? मान वाकडी होती का? आणि औषध चालू असताना विक्री नाही. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून तर जास्तच पाळायचं.

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर जुन्या लोकांना आठवत असेल. फेब्रुवारी २००६. बर्ड फ्लू तिकडे निघाला आणि दुकानं इकडे नाशकात ओस पडली. २०२१ च्या सुरुवातीला परत तेच. त्या दोन्ही वेळा ज्याचं गिऱ्हाईक नावानिशी ओळखीचं होतं त्याचा माल थोडा का होईना हलला. म्हणून सिन्नरकरांच्या हिशेबात एक गोष्ट आली नाही असं मला वाटतं. चार रविवारांत अडीच हजार मिळाले, पण फोन नंबर किती मिळाले?

---

शेडवाला_दिंडोरी

@पशुवैद्य_निफाड साहेब, मान वाकडी नव्हती. सहा तर पिकअपमध्येच गेल्या, क्रेटमध्ये दाटीने भरल्या होत्या. उरलेल्या तीन शेडमध्ये, ते पाहिलं नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात आणतो.

नंबर मोजले. ३९० नग विकले, पण वेगवेगळी माणसं १४३. त्यातली ५८ दोनदा किंवा जास्त वेळा आली. श्रावणातही आलेली ४१, म्हणजे न पाळणारी. गटारीच्या रविवारच्या १८० नगांतले बहुतेक लोक परत दिसलेच नाहीत.

---

सिन्नर_पाचहजारी

हे आधी लिहायला पाहिजे होतंस. मग डॉक्टरांचं बरोबर आणि माझं अर्धंच. त्या ५८ घरांना महिन्याला एक-एक धर, ५८ नग. बाकीच्यांसाठी उभं राहू नकोस.

---

सिडको_चिकन

धंद्याचं बोलतो. माझ्याकडे रविवारी दहा-पंधरा लोक गावरान विचारतात आणि परत जातात. मी दर रविवारी २५ नग घेईन, २३० किलो जिवंत, माझ्या काट्यावर, रोख. अटी दोन. वजन सव्वा ते दीड किलोच्या मध्ये, आणि शनिवारी रात्री पोट रिकामं, म्हणजे सहा तास आधी खाद्य बंद. भरल्या पोटाचं वजन मी घेत नाही.

---

शेडवाला_दिंडोरी

@सिडको_चिकन दादा, २३० म्हणजे नगाला ३२० च्या आसपास, कापणावळ नाही, उभं राहणं नाही. चालेल. काट्याचं मात्र एक सांगतो. मी पण माझा काटा आणणार. दोन्ही शेजारी ठेवू आणि एकच कोंबडी दोन्हीवर टाकू.

पुढचा लॉट ३०० चा करतोय. ५८ घरांना आधी मेसेज, नगामागे १०० रुपये आगाऊ, तारीख ठरलेली. दुकानाला दोन रविवार २५-२५. बाकीचे शेड उघडतानाच व्यापाऱ्याला, त्याच आठवड्यात. पिल्लं अशा बेताने टाकतोय की ९० वा दिवस ३१ डिसेंबरच्या आधीच्या रविवारला यावा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. मार्गशीर्षाचे गुरुवार मध्ये येतात पण रविवारला त्रास नाही. उधारी बंद, मामा सोडून.

खत भावाला विकत देणार आहे. अजून त्याला सांगितलेलं नाही.

---

इंदिरानगर_स्वयंपाकघर

आमचं नाव लिहून घ्या, दोन नग. एक तलंग द्या, कोंबडा नको. आणि कलेजी वेगळ्या पिशवीत, मागच्या वेळी हळदीत गेली होती.